पद्मिनीच्या डिकीपाशी रंग परत परत फुटतोय? मागून बसलेल्या जुन्या धडकेचं निदान आणि दुरुस्ती

माझी प्रीमियर पद्मिनी १९७९ची. मी घेतली तेव्हाच मागच्या डाव्या दिव्याखाली चंद्रकोरीसारखी बारीक भेग होती. रंग काढून नवा मारला. पावसाळा संपला आणि दसऱ्याच्या सुमाराला भेग परत त्याच जागी. पुन्हा रंग, पुन्हा भेग. तिसऱ्यांदा भेगेसोबत फोडही आले. नखाने दाबले की तांबूस पाणी यायचं. दर वेळी पेंटर वेगळा आणि निदान मात्र एकच: "आधीच्याने माल हलका वापरला."

माल हलका नव्हता. गाडी माझ्या आधी कधीतरी मागून जोरात ठोकली गेली होती. त्या वेळी आतला सांगाडा न ओढता वरून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, भरून आकार तेवढा काढून दिला होता. ही तक्रार फियाट-पद्मिनीवाल्यांत इतकी सर्रास दिसते की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो. अँबेसेडरलाही बरंचसं लागू पडेल, कारण तिलाही वेगळी चेसिस नाही. तळ, बाजू आणि छप्पर मिळूनच सांगाडा.

एवढं आधी बघा

नुसती भेग म्हणजे धडक नव्हे. पण भेगेबरोबर पुढच्यातलं काही असेल तर संशय घ्या: डिकी हलक्या हाताने लागत नाही, आपटावी लागते. डिकीच्या झाकणाची फट एका बाजूला करंगळी जाईल एवढी आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याला पत्रा. रबर नवं टाकूनही एका कोपऱ्यात पाणी. मागच्या दाराची वरची फट खालच्यापेक्षा वेगळी. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यापासून निघालेली, बोटालाच कळेल अशी सुरकुती.

ही शेवटची खूण सगळ्यात बोलकी. धडक बसते बंपरला, पण जोर पुढे सरकत जिथे पत्रा कमजोर असेल तिथे मोडतो. चाकाच्या कमानीवर, काचेच्या कोपऱ्यावर, छपराच्या मागच्या कडेवर. डेंटर बंपरजवळचा खड्डा काढतो आणि ही सुरकुती तशीच राहून जाते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गाडीच्या शेपटाकडून छपराकडे बघा, दुपारी न दिसणारं दिसेल.

त्यानंतर लोहचुंबक. फ्रिजवर चिकटवायचा साधा चुंबक पुरतो. मोठा स्पीकरचा चुंबक नको, तो पाच मिलिमीटर जाड लांबीच्या थरावरूनही पत्रा पकडतो आणि फसवतो. उजव्या बाजूला चुंबक कुठे कसा चिकटतो ते बघा, मग डाव्या बाजूला त्याच जागी. माझ्या गाडीत डाव्या दिव्याखाली वीतभर जागेत चुंबक सरळ खाली पडला.

लांबी काढल्यावर काय निघालं

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे एक डेंटर मामा आहेत. त्यांनी छिन्नीचा कोपरा लावून एकच टोला दिला आणि लांबीची अख्खी खपली हातात आली. सर्वात जाड जागी मोजली तर अकरा मिलिमीटर. कडेला थर दिसत होते: पिवळसर लांबी, त्यावर राखाडी प्रायमर, त्यावर फिका निळा रंग, पुन्हा लांबी, मग पांढरा, पुन्हा लांबी, मग माझा बदामी. प्रत्येक मालकाची एकेक दिवाळी.

आणि खपलीच्या पाठीवर गंजाची आठ गोल ठिपकी. त्या जागी पत्र्याला आठ भोकं होती. खड्डा ओढून काढायला पूर्वी पत्र्याला भोकं पाडून त्यात आकडा अडकवत आणि सरकत्या वजनाच्या हातोडीने झटके देत. पद्धत चुकीची नाही, पण नंतर ती भोकं वेल्डने बुजवायची असतात. इथे तशीच सोडून वरून लांबी थापली होती. डिकीत उतरणारं पाणी या भोकांतून लांबीच्या पाठीला लागायचं. लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी पिते. आत ओल, बाहेर रंग. फोड बाहेरून नव्हे, आतून येत होते. तीनदा केलेला खर्च पाण्यात गेला म्हणायचा तो अक्षरशः.

मामा म्हणाले, "रंगाला कशाला शिव्या देताय? खाली पत्रा नाचतोय, वरचा रंग काय धरून बसणार व्हय?"

पत्रा नाचतोय हे त्यांनी दाखवलंही. मला डिकीच्या कडेवर बसायला लावलं आणि दिव्याखाली बोट ठेवायला सांगितलं. मी वरखाली झालो की बोटाला चक्क हालचाल कळत होती. उजव्या बाजूला काही नाही.

मोजमाप: ओळंबा, खडू आणि गवंड्याची नळी

इथे घाई करू नका. कटर हातात घ्यायच्या आधी अर्धा दिवस फक्त मोजा. महागडा बेंच लागत नाही, सपाट कोबा लागतो.

गाडी चार स्टँडवर घ्या. खालून, धडकेपासून लांबच्या चार जागा धरा, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे आतले बोल्ट आणि मागच्या पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्यांचे बोल्ट. त्यानंतर मागे पाट्याच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक बॉडीला टांगणाऱ्या हलत्या कडीचे, वरचे बोल्ट आणि बंपर जिथे लागतो त्या जागा. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने फुली मारा. गाडी बाजूला ढकलून दिली की जमिनीवर तुमच्या गाडीचा नकाशा उरतो. आता टेपने कर्ण मोजा, पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत आणि उलट. जुन्या गाडीत दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर पुन्हा ओळंबा सोडून खात्री करा, बोल्टाच्या डोक्याचा मध्य चुकवायला फार सोपा असतो.

उंचीसाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी. ती पुढून मागे नेऊन दोन्ही बाजूंच्या बोल्टांची उंची तपासली. माझं उत्तर असं निघालं: पुढच्या चारही जागा बरोबर. मागचा डावा शॅकल-बोल्ट उजव्यापेक्षा ९ मिलिमीटर पुढे आणि ६ मिलिमीटर वर. म्हणजे डिकीच्या तळाखाली जो पेटीसारखा लांब आधार जातो, गॅरेजात त्याला नुसतं बॉक्स म्हणतात, तो डाव्या बाजूला चाकामागे मुडपलेला.

मग गाडी इतकी वर्षं सरळ कशी चालत होती? या प्रश्नाने मला दोन दिवस छळलं. उत्तर सोपं आहे. मागच्या धुऱ्याची जागा ठरते पाट्याच्या पुढच्या डोळ्याने. मागचं टोक शॅकलवर लोंबकळतं. शॅकलचा वरचा बोल्ट पुढे सरकला तर शॅकल तिरका होतो आणि ती बाजू जरा टणक चालते, पण चाक जागेवरच राहतं. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २३४० मिलिमीटर. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना तो जवळपास तेवढाच भरला. टायर एकसारखे झिजत होते आणि अलाइनमेंटवाल्यांचा अहवालही कोरा होता. त्यामुळे सगळे म्हणत राहिले, "नुसता पत्रा आहे हो."

उलटही होतं. व्हीलबेसमध्ये फरक निघाला म्हणून लगेच बॉडीला दोष देऊ नका. आधी पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय का आणि डोळ्याचे बुश गेलेत का ते बघा. सेंटर बोल्ट तुटला की धुरा पाट्यावर सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. ते काम तासाभराचं.

मोजमाप सगळं बरोबर आलं, बॉक्सवर सुरकुती नाही, तर तुमचं काम लहान आहे. जुनी लांबी उतरवा, भोकं वेल्डने बुजवा, पत्रा ठोकून आणा आणि खाली रंगाच्या भागावर या.

आधी ओढा, मग कापा

एका गॅरेजने मला आधी सुचवलं होतं: मागचा खराब पत्रा कापून काढू, दुसऱ्या गाडीचं शेपूट लावू, संपलं. असं केलं असतं तर वाकड्या बॉक्सवर सरळ पत्रा बसला असता आणि पुन्हा दसऱ्याला भेग. पत्रा कापला की ओढायला धरायलाही काही उरत नाही.

धडकेत जे शेवटी मोडलं ते आधी सरळ करायचं. म्हणजे लांबची सुरकुती पहिली, बंपरजवळचा चेंबलेला पत्रा शेवटी.

काम सुरू करण्याआधी पेट्रोलची टाकी आणि पाइप काढून शेडच्या बाहेर, लांब. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. बॅटरी काढा. डिकीतला नमदा, रेक्झिन, मागची सीट, वायरिंगचा गुच्छा बाहेर. शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक.

मामांच्या कोब्यात लोखंडी कड्या पक्क्या केलेल्या आहेत. गाडी उंबऱ्याखालच्या पत्र्याच्या कडेला चार शिकंजे लावून त्या कड्यांना जखडली. शॅकलच्या जागी जाड पट्टीचा ब्रॅकेट बोल्टने कसला आणि त्याला साखळी लावून चेन पुली जोडली. जागा पुढे आणि वर गेली होती, म्हणून ओढ मागे आणि खाली.

चेन ताणल्यावर एकदम काही होत नाही. लोखंड करकरतं, बस. ताण तसाच ठेवून बॉक्सच्या सुरकुतीच्या बाजूबाजूने लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारत राहायचं. प्रत्येक टोल्यागणिक साखळी किंचित सैल होते, मग पुन्हा दोन दाते. साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही आणि साखळीवर जाड गोणपाट टाकायचं. तुटली तर ती माणूस बघत नाही.

जुनी धडक ताजीपेक्षा हट्टी असते. तार एकदा वाकवून सरळ करायला गेलात तर ती त्याच जागी सरळ होत नाही, शेजारून वाकते. घडी पडलेलं लोखंड कडक झालेलं असतं, पत्र्याचंही तेच. म्हणून सुरकुतीच्या घडीवर गॅसने मंद लाल होईपर्यंत शेक दिला. जुन्या गाड्यांचं साधं मऊ पोलाद असल्याने हे चालतं. आजकालच्या गाड्यांच्या उच्च ताकदीच्या पोलादाला असा शेक दिला तर ताकदच जाते, त्यामुळे हा उपाय घरच्या नव्या गाडीवर करू नका.

नऊ मिलिमीटर मागे आणायला बारा-तेरा ओढावं लागतं, सोडलं की तीन-चार परत जातं. ओढा, सोडा, नळीने आणि टेपने मोजा, पुन्हा ओढा. सकाळी दहाला सुरू केलेलं काम दिवे लागेपर्यंत चाललं. शेवटी फरक दीड मिलिमीटरवर आला. मी अजून ओढा म्हणत होतो. मामांनी साखळी सोडून दिली आणि डिकीचं झाकण बोटाने खाली लोटलं. ते लागलं. चाळीसेक वर्षांच्या गाडीत दीड मिलिमीटरसाठी भांडू नये, हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं.

पत्रा कुठून आणायचा

नवा पत्रा मिळेल याची आशा सोडा. दोन मार्ग उरतात. एक, २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा पत्रा आणून हाताने घडवणे. सपाट आणि साध्या घडीच्या भागांना हे उत्तम. दुसरा, भंगारातल्या गाडीचा कापलेला भाग. दिव्याच्या वर जी शेपटीसारखी धार जाते ती हाताने घडवणं भल्याभल्यांना जमत नाही, तिथे हाच मार्ग.

ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली आणि सुट्या भागांच्या शोधात अजूनही लोकांना कुर्ल्याच्याच भंगार बाजारात जावं लागतं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्यामुळे काळ्या-पिवळ्या शेपट्या अधूनमधून हाती लागतात. पण मुंबईच्या टॅक्सीला मागून कुणी ठोकलेलं नाही असं कधी झालंय? भंगारवाल्याकडेही खिशातून चुंबक न्या. मी बघितलेल्या पहिल्या तीन शेपट्यांत माझ्यापेक्षा जास्त लांबी होती. चौथी घेतली. कापताना हवी त्यापेक्षा वीतभर जास्त कापून घ्या, जोड कुठे करायचा ते घरी ठरवता येतं.

पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर आणखी एक सांगतो. त्या नियमांत गाडी मूळ रूपात असणं, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसणं अपेक्षित आहे. मूळ आकाराची दुरुस्ती करा, कल्पकता दाखवू नका. प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा. आणि चेसिस नंबर जिथे कोरलाय त्या पत्र्याला कटर किंवा वेल्डिंग लावू नका.

जोडकाम

कंपनीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे जोड, आठ मिलिमीटरच्या ड्रिलने वरच्या पत्र्यापुरते काढा. नवा भाग लावताना त्याच्या पट्टीला तेवढीच भोकं पाडून ती वेल्डने भरायची, म्हणजे मूळ स्पॉटसारखं दिसतं आणि तितकंच पक्कं बसतं. दिसणाऱ्या बाजूचा लांब जोड मात्र कडेला कड लावून करा. पत्र्यावर पत्रा चढवून केलेला जोड सोपा असतो, पण दोन थरांमध्ये पाणी राहतं आणि आपल्याकडे चार महिने पाऊस.

पूर्ण वेल्ड मारण्याआधी फक्त टाके मारा. मग डिकीचं झाकण, रबर, दिवे आणि बंपर, सगळं तात्पुरतं लावून बघा. कंटाळा येतो, तरी करा. माझ्याकडे दिवा बसवल्यावर काच दोन मिलिमीटर बाहेर डोकावत होती. चार टाके कापून पुन्हा बसवलं. हेच रंगानंतर कळलं असतं तर आयुष्यभर बघत बसावं लागलं असतं.

वेल्डिंगला गॅसपेक्षा सीओटू (कार्बन डायऑक्साइड सोडत तारेने करायचं वेल्डिंग) बरं, तार ०.६ किंवा ०.८ची. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग तिसऱ्या जागी. मधे हाताने बघा, पत्रा हात टेकवता येईल एवढा गार झाल्यावरच पुढचा. एका दमात रेघ ओढली की पत्रा तापून फुगतो, गार झाल्यावर आखडतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा डबडबतो.

डबडबलाच तर त्यावर इलाज आहे. फुगवट्याच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी जागा गॅसने लाल करायची, खाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून भोवतीने चार-पाच पटपट टोले, मग मधोमध एक-दोन, आणि लगेच ओल्या फडक्याने थंड. चुर्र आवाज येतो आणि पत्रा डोळ्यांदेखत ताणला जातो. पण एकाच जागी दोनदा करू नका, आणि घरी पहिल्यांदा करत असाल तर आधी जुन्या बोनेटवर सराव करा. मी केला नाही. त्याचा पुरावा उजव्या चाकाच्या कमानीवर आहे, दाखवणार नाही.

गंज आणि रंग

बॉक्सच्या आतली बाजू बाहेरच्या रंगाइतकीच महत्त्वाची. वेल्डच्या आतल्या बाजूचा रंग जळून गेलेला असतो. आत लांब नळीच्या फवाऱ्याने गंजरोधक मेण मारा. आधी मात्र तळाची पाणी जाण्याची भोकं उघडी आहेत ना ते तारेने बघा. माझ्या गाडीत तीही कुणीतरी लांबीने बुजवली होती. नंतर प्रत्येक जोडावर ब्रशने सीलर.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तर तासभरही. घामाच्या बोटाचा ठसा दुसऱ्या दिवशी गंजलेला दिसतो. घासला, थिनरने पुसला की लगेच इपॉक्सी प्रायमर. लांबी त्यावर, आणि जास्तीत जास्त तीन मिलिमीटर. त्याहून जास्त लागतेय असं वाटलं तर पत्रा अजून ठोकायचा बाकी आहे.

आता एक जुनी सवय सोडायची. आपल्याकडचे पेंटर लांबी पाणी-पेपरने घासतात. धूळ उडत नाही, हात सफाईदार चालतो. पण तीच लांबी घासता घासता पाणी पिते आणि वर रंग मारला की ते आत कोंडतं. ऑक्टोबरच्या उन्हात फोड येतात. लांबी कोरडीच घासा, तोंडाला मास्क लावून. पाणी-पेपर सरफेसर (रंगाआधीचा बारीक ओरखडे भरणारा थर) मारल्यानंतर, आणि तोही सरफेसर पूर्ण सुकल्यावर. अजूनही कुणी जुन्या ड्यूको रंगाच्या जमान्यातली पातळ पुट्टी जाड थराने लावत असेल तर त्याला थांबवा, ती महिनोन्‌महिने आखडत राहते आणि कडा उठून दिसतात.

हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतं. त्याला रुमाल चालत नाही, नुसत्या कार्बनच्या मास्कवरही विसंबू नका. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो आणि वारा खेळता हवा.

तपासणी

रंगाआधी, नुसत्या प्रायमरवर असतानाच डिकीत एका मुलाला टॉर्च देऊन बसवा आणि बाहेरून दहा मिनिटं नळी सोडा. झाकण नुसतं टेकवायचं, कुलूप लावायचं नाही. आमच्या भाच्याने आतून ओरडून सांगितलं, "मामा, काचेखालून येतंय!" डिकीचं रबर निर्दोष होतं, पाणी मागच्या काचेच्या रबराखालून उतरून डिकीच्या डाव्या कोपऱ्यात जात होतं. ते रबरही बदललं. नुसत्या डिकीच्या रबरावर मी आधी दोनदा पैसे घातले होते.

रबराची पकड बघायला वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून डिकी लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारख्या जोराने निघायला हवी.

आता दोन पावसाळे झाले. दिव्याखाली भेग नाही, फोड नाही. डिकीच्या कडेवर बसलं तरी बोटाला काही कळत नाही.

तरीही तुमच्याकडे परत काही आलं तर कुठे आणि कसं ते नीट बघा. त्याच जागी बारीक सरळ भेग म्हणजे बॉक्स अजून हलतोय, पुन्हा ओळंबा काढा. भेग नाही पण टाचणीच्या डोक्याएवढे फोड म्हणजे ओल लांबीत अडकलेली, पत्र्याचा दोष नाही. जोडाच्या रेषेवर लांब सुरकुती उमटली तर लांबी किंवा सरफेसर आखडतोय, उन्हाळाभर थांबा आणि मग घासून वरचा हात मारा. आणि बंपरच्या बोल्टाभोवती भेग आली तर बंपर ताणून कसलाय, बोल्ट सैल करून मध्ये रबरी वॉशर टाका. माझ्याकडे तेवढंच आलं होतं.